तीस लाखांची गाडी आणि एका टक्क्याची वाढ

शाहपूरच्या बाजारात नवी गाडी आली की लोक आधी नंबरप्लेट बघतात. एमपी ६८ म्हणजे बऱ्हाणपूरची, एमएच १९ म्हणजे जळगावची. "पासिंग कुठलं, भाऊ?" हा इथला साधा प्रश्न, पण त्यामागे पक्का हिशेब असतो. बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इच्छादेवीचं इच्छापूर मागे टाकलं की महाराष्ट्र लागतो आणि पुढे मुक्ताईनगर येतं. केळीच्या बागा दोन्हीकडे, मराठी बोलणारी घरं दोन्हीकडे, सोयरिकीही इकडून तिकडे. केळीची पिकअप सकाळी एका राज्यात भरते आणि दुपारी दुसऱ्या राज्यात रिकामी होते. त्या पिकअपवर कर किती आणि तो कुणी घ्यायचा, हे मात्र सीमेच्या या बाजूला भोपाळ ठरवतं आणि त्या बाजूला मुंबई.

त्यामुळे मुंबईच्या विधान भवनात मार्च २०२५ मध्ये गाड्यांच्या कराबद्दल जे घडलं, ते शाहपूरनेही समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तिथे विरोधी पक्षाच्या एका आमदाराने नव्या कराला हरकत घेतली आणि प्रचंड बहुमत असलेल्या सरकारने तो कर मागे घेतला. असं फार वेळा होत नाही. ते कसं झालं हे बघण्यासारखं आहेच. त्या विजयानंतर कोणता कर उरला, हे त्याहून जास्त बघण्यासारखं आहे.

१० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला. मोटार वाहन कराबद्दल त्यात पाच प्रस्ताव होते. सीएनजी आणि एलपीजीवर चालणाऱ्या खासगी चारचाकींवर तोवर किमतीनुसार ७ ते ९ टक्के कर होता, त्यात १ टक्क्याची वाढ. ३० लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर. त्याआधी विजेच्या गाडीवर हा कर नव्हता. क्रेन, कॉम्प्रेसर, एक्सकॅव्हेटर यांसारख्या बांधकामाच्या वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवरही ७ टक्के एकरकमी कर. आणि एका गाडीवर जास्तीत जास्त किती कर घ्यायचा, ती मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर.

सरकारचा अंदाज असा होता की सीएनजीच्या वाढीतून १५० कोटी, बांधकामाच्या वाहनांतून १८० कोटी, छोट्या मालवाहू गाड्यांतून ६२५ कोटी आणि वाढवलेल्या मर्यादेतून १७० कोटी मिळतील. एकूण ११२५ कोटी. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण भांडण कशावरून झालं आणि पैसा कुठून येणार होता, या दोन गोष्टी इथे एकमेकींपासून फार लांब आहेत. अर्ध्याहून अधिक रक्कम टेम्पो, पिकअप आणि छोटा हत्ती चालवणाऱ्यांच्या खिशातून यायची होती. चर्चा मात्र रंगली ती तीस लाखांवरच्या विजेच्या गाडीची.

हरकत घेणारे आमदार होते अनिल परब. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे, पेशाने वकील, २०२४ मध्ये मुंबई पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आलेले. महाविकास आघाडीच्या काळात ते राज्याचे परिवहनमंत्री होते. जुलै २०२१ मध्ये त्या सरकारने जे विद्युत वाहन धोरण आणलं, त्यात विजेच्या गाड्यांना मोटार वाहन कर माफ होता आणि त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ला संपत होती. म्हणजे ज्या माफीला आता कात्री लागणार होती, ती लागू झाली तेव्हा परिवहन खातं त्यांच्याच हाती होतं. विरोधकाला विषय आतून माहीत असणं ही मोठी ताकद आहे. आकडे कुठे ठेवलेले असतात, कोणत्या कलमावर बोट ठेवायचं, हे त्याला नव्याने शिकावं लागत नाही.

२६ मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, परब यांच्या मुद्द्याला उत्तर देताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत जाहीर केलं की महागड्या विजेच्या गाड्यांवरचा ६ टक्के कर सरकार लावणार नाही. त्यांनी दिलेल्या कारणांचा आशय असा, की या करातून फारसा महसूल येणार नाही आणि राज्याला विजेच्या गाड्या नकोत असा चुकीचा संदेश मात्र जाईल. अर्थसंकल्पातला प्रस्ताव सोळा दिवसांत मागे गेला.

हे विधान परिषदेत घडलं, याला फार महत्त्व आहे. कर लावायला कायदा लागतो. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येणार नाही असं राज्यघटनेचं २६५वं कलम सांगतं. मोटारींवरचा कर हा राज्यांचा अधिकार, सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची ५७वी नोंद. महाराष्ट्रात तो १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतला जातो, म्हणून दर बदलायचा तर त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती धन विधेयकात येते आणि धन विधेयकापुढे विधान परिषद जवळजवळ निःशस्त्र आहे. १९८व्या कलमाप्रमाणे परिषदेने ते चौदा दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं. शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते, आणि चौदा दिवस उलटले की परिषदेची संमती धरली जाते. कपात सूचना हे अर्थसंकल्पावरचं ओळखीचं हत्यार विधानसभेतलं, आणि तेही खर्चाच्या मागण्यांवर चालतं, करांवर नाही.

विधानसभेत तरी काय बळ होतं? नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत २८८ पैकी भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ अशा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्याच २३० जागा झाल्या. समोर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या २०, काँग्रेसच्या १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या १०. एकाही विरोधी पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा नव्हत्या. त्यामुळे तो अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा विधानसभेला विरोधी पक्षनेताच नव्हता. अशा वेळी एका विरोधी आमदाराकडे मतांचं बळ शून्य. उरतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून, नोंदीत जाईल असं उत्तर देणं भाग पाडण्याची संधी. परबांनी तेवढ्यावर काम केलं. बहुमत कितीही मोठं असो, ज्या कराचं समर्थन सरकारला स्वतःलाच नीट करता येत नाही, तो कर चर्चेत टिकत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

आता हा कर मुळात कशाचा, ते पाहू. गाडी घेताना शोरूमवाला जी ऑन रोड किंमत सांगतो, तिच्यात जीएसटी, विमा, नोंदणी शुल्क आणि लोक ज्याला आरटीओ टॅक्स म्हणतात तो मोटार वाहन कर असतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर तो एकदाच, नोंदणीच्या वेळी भरायचा. पेट्रोलची गाडी दहा लाखांपर्यंतची असेल तर ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला १३, १४, १५. हा पैसा रस्त्यांवरच खर्च होतो अशी बहुतेकांची समजूत असते. तसं बंधन नाही. कर आणि शुल्क यांत कायद्याने फरक केलेला आहे: शुल्काच्या बदल्यात काही सेवा मिळायला हवी, कराच्या बदल्यात अमुकच मिळेल असं काही ठरलेलं नसतं. १९६२ मध्ये राजस्थानच्या वाहतूकदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कराकडे रस्त्यांच्या वापराची भरपाई म्हणून पाहिलं होतं, आणि तो विचार पाच दशकं टिकला. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी जिंदाल स्टेनलेस खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भरपाईच्या कराचा तो सिद्धान्तच बाजूला सारला.

गाडीवाल्यांचा पैसा रस्त्यांसाठी बांधून ठेवावा, हा आग्रह आपल्याकडे एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेला आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद जयकरांकडे गेलं. केंद्रीय विधिमंडळात ते सरकारविरोधी बाकांवर बसत. १९२८च्या अहवालात समितीने पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा वेगळा निधी करावा अशी शिफारस केली. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार आला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज तो केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी या नावाने चालू आहे. जयकरांनी कराला विरोध न करता तो कुठे खर्च व्हावा ते बांधून घेतलं. विरोधकाने कर अडवण्यापेक्षा अधिक काय साधावं याचा हा नमुना जवळपास शंभर वर्षं जुना आहे, आणि मला तो आजच्या घोषणांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

राज्यांच्या मोटार वाहन कराला असा कोणताही बांध नाही, आणि त्यामुळे त्याच्याविरुद्ध लढणं अवघड जातं. टोलचं तसं नसतं. टोल भरणारा रस्ता मोजू शकतो, खड्डा दाखवू शकतो. कोल्हापुरात नेमकं हेच झालं. शहरातल्या ४९.४९ किलोमीटर रस्त्यांचं काम आयआरबी कंपनीने बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर घेतलं. प्रकल्प सुमारे २२० कोटींचा आणि टोल ३० वर्षं. शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले, म्हणजे बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यालाही गावात शिरताना पैसे मोजणं आलं. त्याविरुद्ध सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी होते शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील. जन्म १९२९चा, म्हणजे तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्री राहिलेले, पण आयुष्याचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर आणि रस्त्यावर घालवलेले. बरोबर कॉम्रेड गोविंद पानसरे होते.

"टोल देणार नाही" एवढ्या तीन शब्दांवर ते आंदोलन वर्षानुवर्षं चाललं. करार वाचले गेले, कामाचा दर्जा आणि अपुरी राहिलेली कामं यांवर बोट ठेवलं गेलं, हजारोंचे मोर्चे निघाले. जानेवारी २०१४ मध्ये लोकांचा संताप अनावर होऊन नाक्यांची जाळपोळही झाली. १६ फेब्रुवारी २०१५ला पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. टोल हटल्याचं त्यांना पाहायला मिळालं नाही. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द करण्याचा निर्णय घेतला. कंपनीची भरपाई करण्याची जबाबदारी अर्थातच सरकारी तिजोरीवर आली, म्हणजे पैसे शेवटी लोकांनीच दिले. पण नाक्यावर थांबून नाही, आणि तीस वर्षं नाही. राज्यभरातही २०१५ मध्ये १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारींना माफी मिळाली. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून बंद झाला, विधानसभा निवडणुकीच्या अगदी तोंडावर.

एनडींची लढाई वर्षानुवर्षांची, परबांची सोळा दिवसांची. दोन्हींची तुलना करून एकाला लहान ठरवणं मला मान्य नाही. टोलनाका डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथे माणसं जमतात. गाडीवरचा कर बिलाच्या एका ओळीत असतो, शोरूममध्ये हार घालण्याच्या गडबडीत तो भरून होतो आणि बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. जे काही होईल ते सभागृहातच होतं.

सरकारने पाऊल इतक्या लवकर मागे का घेतलं, याचं आणखी एक कारण मला दिसतं, आणि ते सीमेवरच्या माणसाला चटकन कळेल. महाग गाडीला पाय असतात. जास्त कर लावला की ती दुसऱ्या राज्यात नोंदली जाते. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये महाराष्ट्राने मोटारींवरचा कर दोन टक्क्यांनी वाढवला, तेव्हाच वीस लाखांची कमाल मर्यादाही घातली, कारण कोटीच्या गाड्या परराज्यात नोंदवल्या जात होत्या. त्याच वर्षी केरळमधल्या काही नामवंतांनी आपल्या आलिशान गाड्या पुद्दुचेरीत नोंदवल्याचं प्रकरण गाजलं. १३ टक्के दराने वीस लाखांची मर्यादा दीड कोटीच्या थोड्या पुढच्या गाडीला लागायची. आता ती तीस लाख झाल्यामुळे सव्वादोन कोटींच्या पुढच्या गाडीला लागेल. तेवढी गाडी घेणाऱ्याकडे दुसऱ्या राज्यात कार्यालय असतं, पत्ता असतो, सल्लागार असतो.

शाहपूरच्या माणसाकडे यातलं काही नसतं, पण त्याचं शेत सीमेपलीकडे रावेर तालुक्यात आणि घर शाहपुरात असू शकतं, म्हणून कायदा त्यालाही माहीत हवा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा व्यवसाय आहे आणि गाडी सामान्यतः ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची. ४६व्या कलमाने एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. ४७वं कलम सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, नव्या राज्यात कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागावा लागतो. रोज ये-जा करणाऱ्या गाडीला ही बारा महिन्यांची अट लागत नाही. तरीही कायदा ठाऊक नसलेला माणूस घाबरून पैसे देतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये बाहेरची गाडी तीस दिवसांहून जास्त राहिली तर आजीवन कर लावायचा असा बदल केला होता, तो तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द ठरवला. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आली, तिच्यात दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो. पण ती संरक्षण दलांतल्या आणि सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते. केळीच्या शेतकऱ्याला ती नाही.

आता परत त्या सहा टक्क्यांकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. कर मागे घेणं बरोबर होतं का? तो ज्या रीतीने आखला होता, तशा रूपात तो वाईटच होता. चाकणला बनणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई घ्या. तिची सर्वांत वरची आवृत्ती तेव्हा साडेतीस लाखांची होती. तिच्यावर ६ टक्क्यांनी १ लाख ८३ हजार कर बसला असता, आणि तीस लाखांच्या आतल्या आवृत्तीवर शून्य. पन्नास हजारांच्या फरकासाठी पावणेदोन लाखांहून जास्त कर, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. पण त्यावर उपाय होता. नॉर्वेत विजेच्या गाड्यांना मूल्यवर्धित कर पूर्ण माफ होता. १ जानेवारी २०२३ पासून तिथे पाच लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीला माफी ठेवली आणि त्यावरच्या रकमेवर २५ टक्के कर लावला. आपल्याकडे असा केवळ वरच्या रकमेवर कर घेतला असता, तर साडेतीस लाखांच्या गाडीला तीन हजार रुपये पडले असते आणि दीड कोटीच्या विजेच्या गाडीला सात लाख वीस हजार. विजेच्या गाड्यांना उत्तेजनही राहिलं असतं आणि ज्याला परवडतं त्याने भरलंही असतं. सभागृहात ही दुरुस्ती पुढे रेटता आली असती. तसं झालं नाही. कर पूर्णच गेला, आणि २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या विद्युत वाहन धोरणात विजेच्या गाड्यांना माफी मिळाली, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही मिळाली.

सीएनजीची एक टक्का वाढ मात्र १ जुलै २०२५ पासून लागू झाली. नऊ लाखांची सीएनजी गाडी घेणाऱ्याला आधी ६३ हजार कर होता, आता ७२ हजार. नऊ हजार रुपये म्हणजे त्या घराचा एका महिन्याचा गाडीचा हप्ता. पेट्रोल परवडत नाही म्हणून माणूस सीएनजीकडे जातो. महाग गाडीची ऐपत नसलेला, पण आईवडिलांना दवाखान्यात न्यायला गाडी हवी असलेला माणूस सीएनजी घेतो. त्याच्यासाठी मुख्यमंत्र्यांना उत्तर बदलावं लागलं नाही. आणि सहा लाखांच्या छोट्या मालवाहू गाडीवर ७ टक्के म्हणजे ४२ हजार रुपये पहिल्याच दिवशी भरायचे. अनेकांसाठी ती गाडीच कर्जावर घेतलेली असते, आता कराचे पैसेही कर्जातून. एकरकमी कराची आणखी एक बाजू सभागृहात ठासून मांडायला हवी होती. पुढच्या वर्षांत थोडा थोडा येणारा पैसा आजच गोळा केला की यंदाचा आकडा फुगतो. ६२५ कोटींतला काही भाग हा पुढच्या वर्षांचाच पैसा आहे.

कर अडवता आला नाही तरी विरोधातून काही मिळू शकतं, याचं उदाहरण बाहेर सापडतं. लंडनमध्ये जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचं दैनंदिन शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये शहराच्या सर्व उपनगरांना लागू झालं. त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत लेबर महापौरांच्या या शुल्काला विरोध करून हुजूर पक्षाचा उमेदवार ४९५ मतांनी निवडून आला. शुल्क तरीही लागू झालं. पण जुनी गाडी मोडीत काढण्यासाठीच्या अनुदानाची व्याप्ती महापौरांना वाढवावी लागली, आणि जुन्या गाडीवाल्या लंडनकरांना त्याचा लाभ घेता आला. विरोधाचं फळ असं भलत्याच ठिकाणी, पण गरजूच्या पदरात पडू शकतं.

शाहपूरच्या बाजूला चित्र वेगळं आहे. मध्य प्रदेशात विधान परिषदच नाही, एकच सभागृह. डिसेंबर २०२३च्या निकालात २३० पैकी भाजपचे १६३ आणि काँग्रेसचे ६६ आमदार आले. इथला मोटार वाहन कर १९९१च्या मोटारयान कराधान अधिनियमाने घेतला जातो. आणि इथे कराची एक अशी सवलत आहे, जिच्यावर बऱ्हाणपूर जिल्ह्याने बोललंच पाहिजे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली की मोटार वाहन करात ५० टक्के सूट मिळते. २०२४ पासून उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यातही तीच सूट सुरू झाली. गाडी मेळ्यातूनच विकली गेली पाहिजे अशी अट असते. ऐंशी हजार कर असेल तर चाळीस हजार वाचतात. गाडीची किंमत जितकी जास्त तितकी सूट जास्त. ग्वाल्हेर राज्याच्या उत्तर टोकाला, बऱ्हाणपूर दक्षिण टोकाला. ज्याला दोनशे किलोमीटरहून लांबच्या उज्जैनला जाऊन, तिथली नोंदणी करून येणं जमतं, त्याला सवलत. ज्याला जमत नाही तो बऱ्हाणपुरातल्या शोरूममध्ये पूर्ण कर भरतो.

ही सूट सरकार अधिसूचना काढून देतं, म्हणून तिच्यावर सभागृहात मतदान होत नाही. तरी प्रश्न विचारता येतो. ग्वाल्हेर आणि उज्जैनच्या मेळ्यांत गेल्या प्रत्येक वर्षी किती गाड्यांना सूट मिळाली, त्यांतल्या दहा लाखांच्या आतल्या किती आणि वीस लाखांच्या वरच्या किती, राज्याने एकूण किती कर सोडला, आणि त्या खरेदीदारांत बऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, बडवानी या जिल्ह्यांतले किती. या चार आकड्यांची मागणी करणारा प्रश्न भोपाळच्या विधानसभेत कोणत्याही पक्षाचा आमदार लिहून देऊ शकतो. शाहपूरच्या मतदाराने तो आपल्या आमदाराच्या हाती द्यावा, आणि त्याच कागदावर दुसरी मागणीही लिहावी: ही सूट द्यायचीच असेल तर ती मेळ्याला न बांधता दहा लाखांच्या आतल्या पहिल्या गाडीला आणि शेतमालाच्या पिकअपला, राज्याच्या प्रत्येक आरटीओत, एमपी ६८सकट द्यावी.